मुंबईतील जॅझ क्लब : एका विसरलेल्या संगीतव्यवहाराचा अभ्यास

विषयप्रवेश

मुंबईच्या संगीतजीवनाचा विषय निघाला की आपल्यासमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. ग्रँट रोडची नाटकगृहे, गिरगावातील गणेशोत्सवाच्या बैठका, प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये सुरू केलेले संगीत विद्यालय, लालबाग-परळच्या चाळींतील भजनी मंडळे आणि शाहिरांचे फड. या साऱ्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु याच शहरात, चर्चगेट स्टेशनावरून समुद्राकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर, एके काळी संध्याकाळ झाली की एकामागून एक उपाहारगृहांतून ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांचे सूर बाहेर पडत असत. ते वाजवणारे बहुतेक वादक मांडवीच्या आणि झुवारीच्या काठच्या गावांतून, म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यातून आलेले होते. त्यांची भाषा कोकणी होती, आणि त्यांच्या वादनाचे पडसाद आपण आजही जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकताना नकळत ऐकत असतो.

मी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला इतिहास हा विषय घेतला आहे. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेच नसून एखाद्या शहरातील माणसे रात्री कोठे जमत, काय ऐकत आणि त्यासाठी कोणाला किती दाम मिळे हाही इतिहासच होय, असे आमच्या वर्गात वारंवार सांगितले जाते. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात मी तीन प्रश्न हाती घेतले आहेत. मुंबईत जॅझ कसा आला? तो येथे कोणी रुजवला? आणि चार-पाच दशके वाजत राहूनही या शहरात जॅझ क्लब ही संस्था का टिकली नाही?

जॅझ म्हणजे काय?

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी तोंडओळख आवश्यक आहे. जॅझचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास झाला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची श्रमगीते व भक्तिगीते, लष्करी बँडची पितळी वाद्ये आणि युरोपीय नृत्यसंगीत यांच्या मिश्रणातून तो घडला. १९१७ मध्ये जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्यानंतर हे संगीत जहाजांतून व तबकड्यांतून जगभर पोहोचले.

आपल्या कानाला जॅझ वाटतो तितका परका नाही. त्याचा प्राण म्हणजे आयत्या वेळी केलेली रचना, ज्याला आपण उपज म्हणतो. बारा मात्राखंडांचा 'ब्लूज' हा साचा घेतला तर प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. हे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि एकेक वादक उभा राहून त्यावर आपला विस्तार करतो. तबल्याच्या ठेक्यावर गायक समेकडे येतो तसाच तोही आवर्तनाच्या आरंभाकडे परततो. फरक असा की आपला गायक एका रागाच्या चौकटीत राहतो, तर जॅझ वादकाच्या पायाखालची स्वरसंगती ठरावीक क्रमाने बदलत असते आणि त्या बदलांवरून त्याला वाट काढावी लागते. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे 'स्विंग', म्हणजे लयीतील विशिष्ट झोका. तो स्वरलिपीत नेमका उतरवता येत नाही. तो ऐकून आणि जाणकारासोबत वाजवूनच अंगी येतो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण मुंबईच्या संदर्भात तो पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

क्लब ही संस्था : न्यूयॉर्कचा दाखला

आपल्याकडे जे स्थान बैठकीला आहे ते जॅझमध्ये क्लबला आहे. लहान जागा, जवळ बसलेला श्रोता आणि वादकाला रात्रीमागून रात्री त्याच मंचावर प्रयोग करण्याची मुभा, यांवाचून उपज फुलत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील 'मिंटन्स प्लेहाउस' १९३८ मध्ये सुरू झाले. थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर हे वादक १९४० नंतर तेथे रात्री उशिरापर्यंत एकत्र वाजवीत, आणि त्यातूनच 'बीबॉप' ही नवी शैली घडली. १९३५ मध्ये सुरू झालेला 'व्हिलेज व्हँगार्ड' हा तळघरातील क्लब अवघ्या सव्वाशेच्या आसपास आसनांचा आहे. पण बिल इव्हान्स आणि जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये तेथे केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात मैलाचे दगड मानली जातात.

परंतु क्लब म्हणजे केवळ संगीत नव्हे. क्लबला जागेचे भाडे लागते, सरकारी परवाना लागतो आणि गल्ल्यात पैसे पडावे लागतात. न्यूयॉर्क शहराने १९२६ मध्ये 'कॅबरे कायदा' केला. संगीत व नृत्य असलेल्या प्रत्येक खाद्यपेयगृहाला स्वतंत्र परवाना बंधनकारक झाला. परवाना नसेल तर तीनपेक्षा अधिक वादक नकोत आणि पितळी वाद्ये व ड्रम नकोत, असा दंडक पुढे कित्येक वर्षे होता. तो १९८०च्या दशकात न्यायालयामुळे गेला आणि मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. १९४० ते १९६७ या काळात तर प्रत्येक कलावंताला पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यावे लागे. बिली हॉलिडे या गायिकेचे ओळखपत्र १९४७ मधील शिक्षेनंतर गेले. १९४८ मध्ये ती कार्नेगी हॉलसारख्या प्रतिष्ठित सभागृहात गाऊ शकली, पण कोपऱ्यावरच्या लहानशा क्लबात गाण्याची मात्र तिला बंदी होती! मंकही १९५१ ते १९५७ अशी सहा वर्षे आपल्याच शहरातील क्लबांत वाजवू शकला नाही.

हे उदाहरण मी विस्ताराने दिले, कारण त्यातून अभ्यासाची एक पद्धत हाती येते. क्लबांचा इतिहास लिहायचा तर संगीताबरोबर जागा, कायदा आणि रोजगार या तीन बाजू तपासाव्या लागतात. आता याच तीन कसोट्या मुंबईला लावून पाहू.

ताजमधील पाहुणे

मुंबईत पाश्चात्य नृत्यसंगीत वाजवणारे वाद्यवृंद पूर्वीपासून होते. लष्कराचे, पोलिसांचे आणि हॉटेलांचे बँड असत. परंतु खऱ्या अर्थाने जॅझ येथे आला तो १९३५ मध्ये. त्या वर्षी लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक यांनी ताजचे नृत्यगृह गाजवले. वेदरफोर्डने पूर्वी शिकागोत नाव कमावले होते आणि शांघायमध्येही बरीच वर्षे काढली होती. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदाने मुंबईतच केलेले 'ताजमहाल' या फॉक्सट्रॉट नृत्यरचनेचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने वारला. शिकागोचा हा थोर वादक बंगालच्या मातीत विसावला.

हे कलावंत इतक्या दूर का आले असतील? त्यांच्या मायदेशातील परिस्थितीकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध 'कॉटन क्लब'मध्ये ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९२७ पासून वाजवीत असे. मंचावर कृष्णवर्णीय आणि समोरच्या खुर्च्यांवर केवळ गोरे, असा तेथला नियम होता. जगाच्या इतर भागांत या वादकांना अधिक सन्मान मिळे. मुंबईत ते उत्तम हॉटेलात वाजवीत आणि शहरातील श्रीमंत वर्ग त्यांच्या संगीतावर नाचत असे. मात्र यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या काळात ताजमध्ये हे संगीत चालू होते, त्याच काळात त्याच किनाऱ्यावरच्या यॉट क्लबात भारतीयांना प्रवेश नव्हता. वर्णभेदातून सुटून आलेले कलावंत वर्णभेद पाळणाऱ्या साम्राज्याच्या एका शहरात येऊन पोहोचले होते. आणि ताजचे दार सर्वांना उघडे असले तरी त्या दारापर्यंत जाण्याची ऐपत गिरणीतल्या कामगाराला थोडीच होती?

या पाहुण्यांनी मुंबईला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे शिक्षण. स्विंग कागदावर लिहिता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या तरुण गोमंतकीय वादकांना या अमेरिकन उस्तादांच्या शेजारी बसून वाजवण्याची संधी मिळाली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही तालीमच होती. गुरूंनी गंडा बांधला नसेल, पण विद्या कानातून कानात गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी कलावंत पांगले. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व मिकी कोरिया यांनी केले. पाहुण्यांचा मंच आता येथल्या वादकांकडे आला होता.

गोव्यातील शाळा आणि धोबीतलावचे कूड

असा प्रश्न विचारता येईल की हे काम गोमंतकीयांनीच का उचलले? त्याचे कारण रक्तात शोधण्याचे कारण नाही. ते शाळेत सापडते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी वाचायला, समूहात गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. चर्चमधील उपासना व सणसमारंभ यांसाठी गायक-वादक लागत, म्हणून ही व्यवस्था होती. त्यामुळे लहानशा खेड्यातला, फारसे दुसरे शिक्षण न मिळालेला मुलगाही स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचू शके. गोव्यात मात्र या विद्येवर पोट भरण्याजोगे काम नव्हते. म्हणून मुलगा व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईची वाट धरी.

मुंबईत तो उतरे कूडमध्ये. धोबीतलाव, काव्हेल, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाने आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक वसतिगृहांना कूड म्हणत. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, शिंपी आणि वादक तेथे अत्यल्प भाड्यात राहत. भिंतीला लागून पेट्यांची रांग, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सामूहिक प्रार्थना, असा तेथला क्रम असे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आपल्या माणसांनी गिरणगावात गावमंडळाच्या ज्या खोल्या चालवल्या त्यांच्याशी या कुडांचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. एका खोलीतून पाळीवर जाणारा गिरणी कामगार निघे, तर दुसरीतून रात्रपाळीला जाणारा ट्रंपेटवादक निघे. दोघेही गावाकडे मनिऑर्डर पाठवीत. माझ्या मते मुंबईच्या जॅझची खरी पाळेमुळे ताजच्या झुंबरांखाली नसून या खोल्यांत आहेत.

या मंडळींपैकी सर्वांत लोकप्रिय नाव 'चिक चॉकलेट' यांचे. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातील हळदोणे. लुई आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर ट्रंपेट वाजवणे आणि तशाच घोगऱ्या आवाजात गाणे यामुळे त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हटले जाई. ताजमध्ये आणि त्याशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्यांचे वादन रंगे. ग्रीन्सची इमारत आता नाही. त्या जागी ताजची उंच इमारत उभी आहे. १९६७ मध्ये चिक चॉकलेट मुंबईतच निवर्तले.

दारूबंदी आणि चर्चगेट स्ट्रीट

आता कायद्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम केला. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही दारूबंदीचा निर्देश आहे आणि या कायद्यामागील सामाजिक हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दारूने कामगारवस्तीतील किती संसार धुळीला मिळवले हे आपण जाणतो. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बराचसा भाग ग्राह्य धरला. आरोग्याच्या कारणास्तव किंवा परदेशी पाहुणा म्हणून परवाना असलेल्यालाच दारू मिळे. 'परमिट रूम' हा शब्द आज महाराष्ट्रातील गावोगावच्या पाट्यांवर आपण वाचतो, तो याच परवाना पद्धतीची देणगी होय.

जगातील बहुतेक शहरांत क्लबातील वादकाचा पगार मद्याच्या विक्रीतून निघतो. ती विक्री थांबल्यावर मुंबईतील संगीत तत्काळ थांबावयास हवे होते. प्रत्यक्षात १९५० व १९६०च्या दशकांत चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, बहरास आला! ॲम्बॅसेडर आणि ॲस्टोरिया ही हॉटेले, १९५६ मध्ये सुरू झालेले गेलॉर्ड आणि अशी अनेक उपाहारगृहे तेथे होती. ॲस्टोरियातील 'व्हेनिस' हे तर वादकांचे आवडते ठिकाण मानले जाई. रविवारी सकाळी कॉलेजातील तरुण-तरुणी कॉफीच्या पेल्यावर 'जॅम सेशन'ला जमत. ख्रिस पेरी यांचा वाद्यवृंद आणि त्यांच्यासोबत गाणारी, मुंबईतच वाढलेली लॉर्ना या काळात पुढे आली. जॅझचा झोका आणि कोकणी शब्द यांची त्यांनी घातलेली सांगड गोमंतकीयांच्या घराघरांत पोहोचली. या दोघांच्या जीवनावर बेतलेला 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट २०१४ मध्ये आला.

मग दारूबंदीचा परिणाम झाला की नाही? मला वाटते, तो झाला. पण तो क्लब बंद पाडण्याच्या रूपाने न होता क्लबचे रूप बदलण्यात झाला. गल्ला जेवणावर आणि चहा-कॉफीवर चालू लागला, म्हणजे मालकाला कुटुंबे आणि नाचणारी तरुण मंडळी हवी झाली. नाचणाऱ्यांना ओळखीच्या चाली हव्या असतात. अठ्ठेचाळीस मात्रांच्या आवर्तनावर पंधरा मिनिटे चाललेला एकाच सॅक्सोफोनचा विस्तार त्यांना नको असतो. परिणामी मिंटन्ससारखे, केवळ ऐकण्यासाठी रात्री उशिरापर्यंत चालणारे लहानसे तळघर मुंबईत रुजले नाही. वादक नृत्यासाठी वाजवीत आणि आपल्या समाधानासाठी मध्येच चार आवर्तने उपज करून घेत. कलकत्त्यात अशी दारूबंदी नव्हती आणि तेथला पार्क स्ट्रीट पुढेही बराच काळ गजबजलेला राहिला, ही गोष्ट या अनुमानाला बळ देते.

ऐकणाऱ्यांचा वर्ग मुंबईत नव्हता असे मात्र नाही. १९५२ च्या सुमारास निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी जॅझला वाहिलेले 'ब्लू रिदम' हे नियतकालिक येथूनच काढले होते. अमेरिकन सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांतून १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईत आले. ब्रूबेकने येथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादन केले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला जगापुढे आपली प्रतिमा उजळ करायची होती, म्हणून हे दौरे काढले गेले. तरीही ज्या कलावंतांच्या बांधवांना स्वदेशात बसमध्येही वेगळे बसावे लागत होते, तेच देशाचे राजदूत म्हणून हिंडत होते, हा विरोधाभास राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावा.

स्टुडिओतील पडद्यामागचे हात

क्लबांना ओहोटी लागण्याचे दुसरे आणि माझ्या मते अधिक बलवान कारण म्हणजे हिंदी चित्रपट. दिवसा स्टुडिओत आणि रात्री क्लबात अशी दुहेरी नोकरी अनेक वादक करीत. स्टुडिओतील काम अधिक आणि मोबदला अधिक खात्रीचा, त्यामुळे हळूहळू उत्तम वादक तिकडेच वळले.

चित्रपटसंगीतात या वादकांची गरज का भासली हे समजून घेतले पाहिजे. आपले बहुतेक संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधीत; पाश्चात्य स्वरलिपी त्यांना अवगत नसे. चाळीस-पन्नास वादकांच्या वाद्यवृंदाला एकत्र वाजवायचे तर प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र लिहिलेला कागद लागतो. कोणत्या ठिकाणी व्हायोलिन, कोठे ट्रंपेट, दोन कडव्यांमधील जागा कशाने भरायची, हे सारे ठरवून लिहिणाऱ्याला 'अरेंजर' म्हणत. मराठीत आपण संयोजक म्हणतो. हे काम मुख्यत्वे गोमंतकीयांनी केले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात जो पाश्चात्य ठेका आणला, त्यामागे चिक चॉकलेट यांची साथ होती. पारशी तालवादक कावस लॉर्ड यांनी बोंगो-काँगोसारखी तालवाद्ये चित्रपटसंगीतात रूढ केली. फाळणीनंतर लाहोरहून मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले; त्याच चमूत तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिंफनीच्या धर्तीवर रचना करून मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाजलेल्या गीतातून गुरूचे नाव घराघरात पोहोचवले. ते नाव ओठांवर घेणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना ठाऊक असेल की या नावाचा एक खरा संगीतज्ञ मुंबईत राहून गेला?

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई. संयोजक आला तर 'साहाय्यक' म्हणून आणि वादक तर बहुधा येतच नसे. दर मुद्रणामागे ठरलेला मोबदला घेऊन तो घरी जाई. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्याचा त्यात वाटा नसे. क्लबमध्ये मोबदला कमी असेल, पण तेथे ट्रंपेटवादकाचे नाव दारावरच्या फलकावर लागे आणि श्रोता त्याला नावाने ओळखे. क्लबकडून स्टुडिओकडे जाताना कलावंताने स्थैर्य मिळवले आणि नाव गमावले. ज्या कलेचा प्राणच व्यक्तीची उपज आहे, तिच्या दृष्टीने हा सौदा फार महाग होता असे मला वाटते. मात्र पोराबाळांची फी भरण्यासाठी ज्याने तो केला त्याला दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार? दोष द्यायचाच तर निनावी श्रमाची सवय झालेल्या व्यवस्थेला द्यावा लागेल.

१९७० नंतर

साठीचे दशक संपताना तरुणांची आवडही बदलली. गिटार घेतलेले चार तरुण मोठ्या वाद्यवृंदापेक्षा स्वस्त पडत, आणि पुढे डिस्कोच्या लाटेत तर तबकडी लावली की काम भागू लागले. चर्चगेटचे मंच एकामागून एक गेले.

क्लब मावळले तरी जॅझ संपला नाही. त्याने महोत्सवाचे रूप घेतले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक आला. ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांसारख्या भारतीय कलावंतांनी रागसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घालण्याचे प्रयोग केले. ज्या धोबीतलावच्या कुडांतून वादक ताजकडे चालत जात, त्याच धोबीतलावात आता जगातील वादक येऊ लागले, ही सुखद घटना होय. परंतु महोत्सव काही दिवसांचा असतो. उरूस कितीही मोठा भरला तरी रोजच्या बाजाराचे काम तो करीत नाही. तरुण वादकाला लागते ती आठवड्याला चार रात्रींची जागा.

तशी जागा पुन्हा निर्माण झाली ती लोअर परळला. २००७ मध्ये मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हा क्लब निघाला. जॅझसह अनेक प्रकारचे संगीत तेथे उत्तम ध्वनियोजनेत ऐकायला मिळे. २०१६ मध्ये तो बंद झाला. १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरणगावात हा क्लब उभा राहिला होता, हे आपल्याला विसरता येणार नाही. गिरणी कामगाराची जागा क्लबने घेतली आणि क्लबची जागा वाढत्या भाड्याने घेतली. न्यूयॉर्कच्या व्हँगार्डला नव्वद वर्षे एकाच तळघरात राहता आले. मुंबईत जमिनीचा भाव कोणत्याही सुरापेक्षा वरच्या पट्टीत लागतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुंबईचा जॅझ ही निव्वळ परदेशी नक्कल नव्हती. अमेरिकन कृष्णवर्णीयांचे शिक्षण, गोव्यातील शाळांची स्वरसाक्षरता आणि मुंबईतील रोजगार या तिन्हींच्या संयोगातून ती परंपरा घडली. दुसरा, क्लब मावळण्याचे खापर एकट्या दारूबंदीवर फोडता येत नाही. कायद्याने क्लबचे रूप बदलले, चित्रपटाने वादक नेले, अभिरुचीने श्रोते नेले आणि शेवटी जमिनीच्या किमतीने जागा नेली. तिसरा, क्लब गेले तरी त्यांची विद्या हिंदी आणि कोकणी गाण्यांत मुरून राहिली.

याखेरीज एक गोष्ट माझ्या विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना सांगावीशी वाटते. त्या पिढीतील बहुतेक वादक आज हयात नाहीत. अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. परंतु साठ आणि सत्तरच्या दशकांत ऐन विशीत असलेले काही वादक, त्यांच्या पत्नी, त्यांची मुले या शहरात आणि गोव्यात आहेत. त्यांच्या कपाटांत हाताने लिहिलेले स्वरलिपीचे कागद, कार्यक्रमांची पत्रके आणि छायाचित्रे असतील. घर बदलताना असे कागद रद्दीत जातात आणि त्यांबरोबर एखाद्या गाण्याचा खरा कर्ता कायमचा निनावी होतो. आपण इतिहास विभागातर्फे दर वर्षी दहा ज्येष्ठ वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवल्या, तर पाच वर्षांत पन्नास जीवनकहाण्या जमतील. या कामाला मोठे अनुदान लागत नाही. खिशातला फोन, चार प्रश्न आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरे आहे. पुढील वर्षीच्या अंकात अशा पहिल्या दहा मुलाखतींचा गोषवारा छापता यावा, अशी मी विभागप्रमुखांना विनंती करतो आणि त्या कामासाठी माझे नाव सर्वांत आधी नोंदवतो.